आठवा गडी

वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. किराणा दुकानातला छोटा काटा असो की अडत बाजारातला मोठा, माझ्याजवळच्या पेटीतली प्रमाणित वजनं त्यावर ठेवायची, काटा खरं बोलतो का ते पाहायचं, आणि बोलत असला तर शिक्का मारायचा. वजनमापाच्या कायद्यात एक शहाणपण आहे. कुठलंही वजन अगदी तंतोतंत नसतं हे कायद्याला ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक वजनाला थोडीशी चूक माफ असते. कोणत्या वजनाला किती माफ, तो तक्ता मला तोंडपाठ आहे. बायको म्हणते, तक्ता पाठ आहे, उपयोग शून्य.

तिचं म्हणणं खोटं नाही. घरी गॅसची टाकी आली की मी ती दारातच काट्यावर ठेवतो. टाकी आणणारा माणूस आता दारात आला की स्वतःच काटा मागतो. लग्नाच्या पंगतीत बसलो की पानं किती आणि वाढपी किती ते मोजून, भात आपल्यापर्यंत कधी पोचेल याचं गणित मी शेजाऱ्याला सांगतो. भात त्या गणितानं कधीच येत नाही, आणि चूक वाढप्याची असते असं माझं ठाम मत आहे.

आम्हाला एकच मुलगी. जन्मताना तिला पहिला श्वास घ्यायला उशीर झाला, आणि तो उशीर तिच्या डाव्या हातापायात आणि जिभेवर कायमचा राहिला. ती चालते, पण डावा पाय उजव्याच्या मागून, ओढल्यासारखा येतो. बोलते, पण वाक्य तुकड्यातुकड्यानं येतं आणि ऐकणाऱ्याला थांबावं लागतं. मला थांबता येत नाही. तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मी ते पुरं करतो, आणि बहुतेक वेळा भलतंच पुरं करतो. मग तिला आधी माझं वाक्य खोडावं लागतं आणि पुन्हा स्वतःचं सुरू करावं लागतं. म्हणजे वेळ वाचवायच्या माझ्या या पद्धतीत वेळ दुप्पट लागतो.

तिच्या लहानपणी आम्ही लातूरला होतो. त्या गावात माणसं मुलाचं नाव विचारायच्या आधी टक्के विचारतात. तेव्हा मी तिच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या मागे लागलो होतो. त्यावर टक्केवारी असते, आणि माझ्या मते ती काढताना बेरीज चुकली होती. दवाखान्याच्या इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला चहा विचारू लागला. शेवटी आकडा दुरुस्त करून घेतला. त्याच आठवड्यात शेजारच्या घरी वास्तुशांतीला गेलो असताना एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं, पोरीला किती टक्के? मी छाती पुढं काढून सांगितलं, पंचावन्न. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वाढतील हो, क्लास बदलून बघा.

लातूरला ती विशेष मुलांच्या शाळेत जात होती. शाळा चांगली होती, बाई जीव लावायच्या. मग माझी बदली नांदेडला झाली, आणि भाड्यानं मिळालेल्या घराच्या गच्चीवरून मागच्या शाळेचं मैदान दिसायचं. साधी शाळा, सगळ्या मुलांची. मुलगी संध्याकाळी आणि सकाळी त्या गच्चीवर जाऊन उभी राहू लागली. मैदानात मुलं पळत असायची, पडत असायची, एकमेकांच्या शर्टाला धरून ओढत असायची. एके दिवशी ती खाली आली आणि तिनं सांगितलं की तिला त्याच शाळेत जायचं आहे. हे वाक्य मी पुरं केलं नाही, कारण ते असं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आम्ही तिघं मुख्याध्यापकांकडे गेलो. मी तयारीनं गेलो होतो. अशा मुलांना साध्या शाळेत बसण्याचा हक्क देणारे कायदे दोन, त्यातली कलमं मी पाठ करून ठेवली होती. मुख्याध्यापक उतारवयाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. मी पहिलं कलम सुरू केलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिले. दुसऱ्या कलमावर बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिसरं कलम मी जरा हळू आवाजात म्हटलं.

मग ते म्हणाले, "कायद्यानं मला नाही म्हणता येत नाही, अन् मनानं म्हणायचं पण नाही. पण एका बाईकडं पोरं पन्नासच्या घरात आहेत. सहामाहीपर्यंत बघू. नाही जमलं तर तुम्हीच तिला विशेष शाळेत नेऊन घाला. तोवर घरचं एक माणूस वर्गात बसू द्या."

बायको एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची नोकरी तेव्हा नवी होती. माझी रजा मात्र साचून साचून कुजायला आली होती. मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "चालतंय, हे बसतील."

बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं, सहामाहीला मला काढतील का. मी म्हटलं, कायद्यानं काढता येत नाही. तिनं कायद्याकडे लक्ष दिलं नाही. "मला इथंच राहायचं," एवढंच म्हणाली, तीन तुकड्यांत.

अशा रीतीनं मी चौथी अ मध्ये दाखल झालो.

पहिल्याच दिवशी मी शाळेचा उतार मोजायला घेतला. पायऱ्यांशेजारी सिमेंटचा एक उतार केलेला होता, पण नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, आणि हा उतार माझ्या नजरेलाच उभा वाटत होता. मी टेप काढला, गुडघ्यावर बसलो, खालचं टोक धरायला शिपायाला बोलावलं. उताराची लांबी कमी भरली, हे सांगायला मी मुख्याध्यापकांना हाक मारली. ते आले, त्यांनी टेपकडे बघितलं, मग वर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ती तर वर्गात जाऊन बसली की." कठड्याला धरून, बाजूच्या पायऱ्यांवरून ती कधीच गेली होती. उतारावर फक्त मीच होतो.

मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. चौथीचा बाक हा पन्नाशीला टेकलेल्या माणसासाठी केलेला नसतो. गुडघे छातीशी घेऊन मी बसायचो आणि वर्गातली सगळी मुलं आलटून पालटून मागे वळून माझ्याकडे बघायची. माझ्या मुलीकडे त्यांनी एकच दिवस बघितलं. ती हळू चालते, हळू बोलते, हे त्यांना कळलं आणि विषय संपला. माझ्यात मात्र त्यांना रोज काहीतरी नवीन सापडायचं.

वर्गाच्या बाई तरुण होत्या आणि सोशिक होत्या. त्यांनी फळ्यावर गणित घातलं की माझ्या तोंडून उत्तर निघायचं. एकदा त्यांनी पाढ्यातला एकोणतीस सत्ते विचारलं, मुलांनी बोटं चालवायला सुरुवात केली, आणि मागून मी दोनशे तीन म्हणून मोकळा झालो. बाई म्हणाल्या, काका, इथं हात वर करून बोलायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. त्यांनी मला विचारलंच नाही. आपला हात वर आहे आणि बाई बघत नाहीत, हे दुःख किती खरं असतं ते मला त्या वयात कळलं.

माझ्या मुलीला प्रश्न आला की माझा जीव टांगणीला लागायचा. ती तोंड उघडायची, शब्द यायला वेळ लागायचा, आणि एवढी मुलं थांबली आहेत या विचारानं मला घाम फुटायचा. मग मी मागून उत्तर सांगायचो. एकदा बाईंनी तिला नांदेड जिल्ह्यातलं डोंगरावरचं देवीचं ठिकाण विचारलं. माझी बायको माहूरकडचीच, पोरीनं आजोळी जाऊन ते देऊळ कितीदा बघितलेलं. तरी मी मागून "माहूर" म्हटलं. वर्गात एक उंच, दोन वेण्यांची मुलगी होती, वर्गाची मॉनिटर. भोकरजवळच्या खेड्यातली, शाळेसाठी मावशीकडे राहिलेली. ती मागे वळली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला नव्हतं विचारलं." मुलीनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं वर्गासमोर पुन्हा सावकाश "माहूर" म्हटलं, आणि बाईंनी तिलाच बरोबर दिलं. मला काहीच मिळालं नाही.

मधल्या सुट्टीत मुलं विषामृत खेळायची. ज्याच्यावर राज्य तो ज्याला शिवेल त्याला विष. त्यानं जागीच उभं राहायचं, आणि दुसऱ्या कुणी येऊन त्याला शिवलं की अमृत, तो पुन्हा मोकळा. पहिल्या आठवड्यातच मॉनिटरनं माझ्या मुलीला हाताला धरून खेळात नेलं आणि जाहीर केलं, "ही कच्चं लिंबू."

कच्चं लिंबू म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. धाकटा भाऊ, पाहुण्यांचं पोरगं, नुकतं पळायला लागलेलं लेकरू. त्यानं खेळात असायचं, पळायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते औट होत नाही. मला फार बरं वाटलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की समावेशक शिक्षणावर सरकारनं जे एवढे कागद काढले, ते सगळं आपल्या पोरांना दोन शब्दांत माहीत आहे. सगळ्यांच्या बरोबरीनं ती मैदानात असते, कुणी तिला ढकलत नाही, कुणी हसत नाही. बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अन् ती? ती हसते का?" ते मी मोजलं नव्हतं.

ती हसत नव्हती. काही दिवसांनी ती सुट्टीत वर्गातच बसू लागली. मग सकाळी बूट घालायला उशीर करू लागली. डाव्या पायाच्या बुटाला आधाराच्या पट्ट्या आहेत, त्या बांधायला तशीही वेळ लागतो. पण आता ती एक पट्टी बांधून बसून राहायची. सहामाही जवळ येत होती. वर्गात जमत नाही, असं आता तीच म्हणेल, मग मुख्याध्यापकांना काही बोलायची गरजच पडणार नाही, या भीतीनं मी वर्गाची तपासणी सुरू केली. कुणी चिडवतं का, डबा हिसकावतं का, एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. एकानं कबूल केलं की त्यानं माझ्या पाठीला खडू लावला होता. बाकी काही सापडलं नाही.

शेवटी एका रात्री जेवताना ती बोलायला लागली. "मला... शाळेत... कुणीच... विष..."

मी ताट सारून उठलो. कोणी दिलं, काय खाल्लंस, कधी खाल्लंस, असं विचारत मी तिच्या पोटावर हात ठेवला. बायकोनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. "तिला बोलू तर द्या. काय करून राहिलात तुम्ही?"

"...देत नाही," मुलीनं वाक्य पुरं केलं.

तिला शिवून जातात, पण ती औट होत नाही. ती आपणहून थांबून उभी राहिली तरी कुणी अमृत द्यायला येत नाही, कारण तिला विष लागलेलंच नसतं. ती मैदानात असली काय, नसली काय. हे सगळं सांगायला तिला बराच वेळ लागला. मी मधे बोललो नाही, कारण सदरा अजून बायकोच्या हातात होता. सांगून झाल्यावर मात्र मी म्हणालो, अगं, औट करत नाहीत हे तर चांगलंच आहे की. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेनं बघितलं. "तुम्हाला कुणी कधी औट केलं नाही," बायको म्हणाली, "म्हणून असे झालात."

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न शास्त्रोक्त पद्धतीनं सोडवायचं ठरवलं. तिचा पळण्याचा वेग मी काढला, मॉनिटरचा काढला, आणि दोन्हींचं प्रमाण बसवून मुलांसमोर योजना मांडली: हिच्यामागं जो धावेल त्यानं लंगडी घालत धावायचं, आणि तीही डाव्या पायानं. मग ती औट झाली तर ते न्याय्य. मुलांनी इमानदारीनं करून बघितलं. पहिला लंगडी घालणारा पडला, दुसरा त्याच्यावर पडला. तिसरी स्वतः मॉनिटर. ती लंगडीवरच माझ्या मुलीपेक्षा दुप्पट जोरात गेली आणि भिंतीवर जाऊन आपटली. कोपर चोळत ती माझ्याकडे आली. "काका, हे लई अवघड हाय. तिला नुसतं औट करू नं, झालं." आणि मुलीकडे वळून, "औट झाली तर रडायचं न्हाई बघ."

त्या दिवशी सुट्टीत माझ्या मुलीला पहिल्यांदा विष मिळालं. ती मैदानाच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी राहिली, एक पाय जरा वाकडा, आणि तोंडभर हसत होती. अमृत यायला उशीर झाला, कारण सगळे आपापल्या जिवासाठी पळत होते. मी कुंपणापाशी उभा राहून कुणीतरी तिला सोडवा म्हणून खुणा करत होतो. तिनंच मला हातानं गप बसायची खूण केली.

सहामाहीच्या आधी शाळेत खेळांचे सामने असतात. चौथी अ आणि चौथी ब यांचा खो-खो. मॉनिटर आमच्या वर्गाची कर्णधार होती आणि तिनं माझ्या मुलीला संघात घेतलं. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात. तिला शेवटच्या तुकडीत ठेवलं, म्हणजे तोवर वेळ संपत आलेला असेल. बाईंनी विचारलं, नक्की का? कर्णधार म्हणाली, तिला बसून कंटाळा येतो. मुख्याध्यापकांनी गुणफळ्यासाठी नेमका माणूस पाहिजे म्हणून मला खडू दिला. मला मनातून बरं वाटलं. माझी नेमकेपणाची ख्याती शाळेपर्यंत पोचली होती. पुढं बाईंकडून कळलं की मला मैदानाच्या आतून बाहेर काढायचा दुसरा उपाय त्यांना सुचला नव्हता.

ब वर्ग आधी पळाला. आमच्या मुलांनी त्यांचे सात गडी बाद केले, मी सात रेघा मारल्या. मग आमचा वर्ग पळायला उतरला. कर्णधार स्वतः फार वेळ टिकली. तरी एक एक करत सहा गडी बाद झाले, आणि माझी मुलगी आत आली. आल्या आल्या तिच्या बरोबरचा एक जण बाद झाला. सात-सात. फळ्याच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

ती खांबाजवळ उभी होती. पळत नव्हती, पण जागा बदलत होती, बसलेल्या गड्यांच्या ओळीच्या या बाजूला, त्या बाजूला. ब वर्गाची जी मुलगी धावत होती ती तिला दोनदा टाळून पुढं गेली, सरळ शिवायला तिचा हात होईना. तिसऱ्यांदा समोरासमोर आल्यावर तिनं हळूच, दार वाजवावं तसं, माझ्या मुलीच्या खांद्याला बोट लावलं. बाईंची शिट्टी वाजली. लगेच वेळ संपल्याची लांब शिट्टी वाजली.

मी खडू हातात धरून उभा होतो. आठवी रेघ मारली नाही.

का, याची कारणं त्या क्षणी मला पाच-सहा सुचली होती. दोन शिट्ट्यांमधलं अंतर स्पष्ट नव्हतं. बोट लागलं, हात लागला नाही. गंमत अशी की मला कारणांची गरजच पडली नाही. कुणी हरकत घेतलीच नाही. ब वर्गाचा कर्णधार म्हणाला, "राहू द्या काका, तिचं धरायचं नसतं." बाई शिट्टी हातात घेऊन फळ्याकडे बघत होत्या. मुख्याध्यापक टाळ्या वाजवत पुढं आले, बरोबरी झाली, दोन्ही वर्ग शाबास, म्हणाले. आमचा वर्ग उड्या मारायला लागला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून पहिल्यांदा वजन कमी भरलं होतं, आणि सगळं गिऱ्हाईक खूश होतं.

एकच गिऱ्हाईक मैदान ओलांडून येत होतं. बाद झालेल्यांनी बसायच्या जागी न जाता मुलगी सरळ फळ्याकडे निघाली. मैदान तिला नेहमीच मोठं पडतं. ती येईपर्यंत उड्या थांबल्या, टाळ्या थांबल्या, सगळे बघत राहिले. ती माझ्यासमोर उभी राहिली. दम लागला होता.

"पप्पा... मी..."

मला काही पुरं करता आलं नाही. काय म्हणणार ते या वेळी बरोबर कळलं होतं, पण तोंडातून निघेना.

"...औट झाले. लिहा."

मी म्हणालो, बाळा, शिट्टी नीट कळली नाही. ती म्हणाली, मला कळली. मी कर्णधाराकडे बघितलं. मला वाटलं, ही तरी वाचवेल. सामना हिचाच जाणार आहे. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, ओठ आवळलेले, आणि तिला तो सामना किती पाहिजे होता ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं फळ्याकडे बघितलं, माझ्या मुलीकडे बघितलं.

"औट हाय काका," ती म्हणाली. "लिवा."

मी आठवी रेघ मारली. मारताना खडू मोडला. ब वर्ग जिंकला, आणि आधी थोडा वेळ जिंकावं की नाही हे न कळून मग एकदम ओरडायला लागला.

खरं पुढंच झालं. कर्णधार वळली आणि माझ्या मुलीवर तुटून पडली. खांबाला धरून काय उभी राहिलीस, ओळीच्या पलीकडं वाकली असतीस तर काय झालं असतं, शिट्टीला थोडंच राहिलं होतं, तुझ्या एकटीपायी गेला सामना. वर्गातल्या आणखी दोघीतिघींनी तिला साथ दिली. कुणी तिची बाजू घेतली नाही, कुणी सांभाळून बोललं नाही. मी खडू टाकून पुढं निघालो. बाईंनी हात आडवा घातला. "बसा काका."

माझी मुलगी ऐकत होती. तिचं तोंड लाल झालं होतं. मग ती म्हणाली, "तू... पण... औट झाली." कर्णधार थांबली, तिचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग दुप्पट आवाजात म्हणाली, मी किती वेळानं झाले ते सांग की. दोघी भांडत भांडत वर्गाकडे गेल्या. कर्णधार पुढं जाऊन जाऊन थांबत होती, कारण भांडण अर्धवट सोडून तिला पुढं जाता येत नव्हतं.

घरी आल्यावर मुलीनं आईला सांगितलं की तिच्यामुळं वर्ग हरला. हे तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकू आल्या होत्या म्हणून. सकाळी बुटाच्या दोन्ही पट्ट्या तिनं मी उठायच्या आत बांधल्या होत्या.

सहामाही परीक्षा झाली. ती वर्गात शेवटून तिसरी आली. म्हणजे तिच्याखाली दोघं होते. ते मी सगळ्यांना सांगत फिरलो, आणि त्या दोघांपैकी एकाचे वडील माझ्याच गल्लीत राहतात हे नंतर लक्षात आलं. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी कलमं पुन्हा एकदा मनात घोळवून गेलो. बाईही तिथंच बसल्या होत्या.

ते म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघू म्हणालो होतो, तसं बघितलं. बाईंची एक तक्रार आहे. वर्गात एक जण फार बोलतो. दुसऱ्याचं उत्तर सांगतो, जागेवर बसत नाही, बाकाची मोडतोड करतो."

बाकाची फळी माझ्या गुडघ्यानं सैल झाली होती हे खरं होतं, पण मोडतोड हा शब्द जास्त होता. तसं मी म्हणालो.

"मुलीचं काही नाही," ते म्हणाले. "ती आमची आहे. दिवाळीनंतर तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

मी बाईंना विचारलं, तिला उत्तराला वेळ लागतो, त्याचं काय. बाई म्हणाल्या, तुम्ही नसलात की कमी लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा कामावर रुजू झालो, बिलोलीच्या बाजारात काटे तपासून आलो. एका दुकानात वजन किंचित हलकं निघालं, तक्त्यात बसत होतं. शिक्का मारायला मला उगीचच वेळ लागला. संध्याकाळी घरी आलो तर गल्लीत पोरं विषामृत खेळत होती. मॉनिटरही आली होती. तिचं आणि माझ्या मुलीचं अजून सामन्यावरून भांडण चालू होतं, त्यामुळं रोज भेटावं लागत होतं. मुलीनं मला हाक मारली. मी चपला काढून खेळात उतरलो.

"पप्पा..." ती बाकीच्यांना सांगू लागली. मी थांबलो. "...कच्चं लिंबू."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाला शंकाच आली नाही. मी पळालो, बऱ्यापैकी पळालो असं मला वाटलं. एकानं मला शिवलं आणि काही झालं नाही. दुसऱ्यानं शिवलं, तो सॉरी काका म्हणाला. मी आपणहून हात पसरून विष लागल्यासारखा उभा राहिलो, तर मॉनिटर जाता जाता म्हणाली, "काका, तुम्ही पळा, तुमचं न्हाई धरत." माझी मुलगी माझ्या समोरून गेली, मला शिवली, आणि मागे वळूनही न बघता पुढच्या गड्याकडे गेली.

मी घरात आलो आणि बायकोकडे तक्रार केली. म्हणालो, मला तीनदा शिवलं, एकदाही औट धरलं नाही, ही काय पद्धत आहे.

ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मग कलम सांगा की त्यांना. पाठ आहेत नं तुम्हाला."